आधी ट्रक, मग तिवरं

दुधीला नख लावून तो कोवळा आहे की जून हे पाहत असताना काशीनाथच्या लक्षात आलं, की मंडपातून येणारा आवाज आपला नाही. "काका, नाखून मत मारो, फिर कौन लेगा?" भाजीवाली म्हणाली. त्याने दुधी ठेवून दिला. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मंडळाने कर्णा बांधला होता आणि गणपती बसल्यापासून त्यातून देखाव्याचं निवेदन येत होतं, त्याच्याच आवाजात: कोरडं, थोडं घोगरं, शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेलं. नवघरच्या रस्त्यांवर तो जाईल तिथे ते त्याला गाठत होतं. पहिल्या दिवशी त्याला संकोच वाटला, दुसऱ्या दिवशी गंमत, आणि मग ते त्याला ऐकू येईनासं झालं, घरातल्या पंख्याचा आवाज येत नाही तसं. आता बंद पडल्यावरच त्याला कळलं की ते चालू होतं. नवा आवाज तरुण होता, भरदार होता. रिक्षांच्या गोंगाटात शब्द कळत नव्हते, नुसते चढउतार येत होते, आणि ते चढउतार ओळखीचे होते. वाक्यातल्या शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबायचं आणि मग तो शब्द भरलेला पेला ठेवावा तसा अलगद खाली ठेवायचा, ही लकब त्याने उभ्या आयुष्यात एकाच मुलाला शिकवली होती.

पिशवी तशीच रिकामी घेऊन तो मंडपाकडे चालू लागला. अंतर कमी होत गेलं तसे शब्द सुटे झाले. "ज्या तिवरांनी आमच्या वाडवडिलांना जगवलं, त्याच तिवरांवर आम्ही कोयता चालवला. केवळ... स्वार्थापोटी." काशीनाथ केमिस्टच्या पायरीशी थांबला. "परंतु कायद्याचा हात वेळेवर पुढे आला. आणि आज त्याच खाडीकाठी विकासाच्या सोबतीने पुन्हा हिरवाई... उभी राहते आहे." शब्द स्वच्छ होते, एकही हेल नव्हता. आवाज मुर्धे गावच्या नाथाचा होता, आणि खाडीकाठच्या ज्या प्रकरणावर हा देखावा होता त्यात गुन्हा याच नाथावर दाखल होता.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून काशीनाथ मंडळाचे देखावे करत आला होता. चित्रकलेच्या शिक्षकाला निवृत्तीनंतर कोणी विचारत नाही. त्याला निदान वर्षातून एकदा विचारत. मोटारीच्या काचेवरचं पाणी पुसणारी छोटी मोटर, तिला पट्टा, पट्ट्याने फिरणारा एक लांब दांडा आणि दांड्यावर ओळीने बसवलेल्या प्लायवूडच्या चकत्या, एवढ्यावर त्याचं सगळं जग हलायचं. प्रत्येक चकतीला एका बाजूला फुगवटा. फुगवटा वर आला की त्याच्यावरची पट्टी उचलली जाते आणि पडद्यापुढे कुणाचा तरी हात वर होतो, कुणाची तरी मान वळते. कोण कधी हलणार हे चकती दांड्यावर कशी बसवली आहे त्यावर. बाकी कागदाचा लगदा, सुतळी, रंग. सोसायटीतली समिधा, मुंबईत कलेचं शिक्षण घेऊन आलेली, यंदा पडद्यामागे वाकून हे सगळं पाहून म्हणाली होती, "सर, तुम्हाला माहितीये का, हे इन्स्टॉलेशन आहे! सस्टेनेबिलिटीवर आमचं एक प्रदर्शन होतंय, त्यात घ्यायला हवं. फक्त गणपती काढावा लागेल." तो हसला होता. पण नंतर अंघोळ करताना, जेवताना, तो शब्द त्याने मनातल्या मनात दोनतीनदा म्हणून पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला बरं वाटलं होतं. आता केमिस्टच्या पायरीशी उभं राहून त्या बरं वाटण्याची त्याला शिसारी आली. कारण समिधाने देखाव्याचा व्हिडिओ केला होता, खाली चार जहाल ओळी लिहिल्या होत्या, तो हजारो फोनांवर फिरला होता, आणि ती स्वतः कसल्याशा शिष्यवृत्तीवर दुसऱ्याच दिवशी बडोद्याला निघून गेली होती.

देखाव्यात होतं ते असं. पावसाळ्याआधी मुर्ध्याच्या खाडीकाठी डेब्रिजचे ट्रक येऊ लागले. मिठागरं केव्हाच पडीक झाली होती; त्यांच्या पलीकडच्या तिवरांवर, म्हणजे सरकारी भाषेतल्या खारफुटीवर, पाडलेल्या इमारतींची माती नि विटा ओतल्या जाऊ लागल्या. नाथा आणि त्याचा धाकटा भाऊ रोशन एका सकाळी ट्रकच्या पुढे आडवे उभे राहिले, मागोमाग गाव आलं. पोलीस आले, ट्रक गेले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने गुन्हा दाखल झाला तो नाथावर आणि रोशनवर: खारफुटीची तोड, सरकारी कामात अडथळा. पुरावा म्हणून नाथाच्या होडीतला कोयता जप्त झाला. होडीची वाट मोकळी ठेवायला आडव्या आलेल्या फांद्या छाटायचा, त्याच्या बापाच्या हातचा कोयता. नाथाने हे सगळं काशीनाथच्या घरी बसून सांगितलं होतं. काशीनाथच्या बायकोने, वासंतीने, ठेवलेला चहा त्याच्यापुढे साय धरून बसला होता. "सर, आधी ट्रक आला. मग तिवरं पडली. मग आमी गेलो. एवढंच हाय. पन कोर्टात कोन विचारतच न्हाय, आधी काय नि मागनं काय. तुमी तरी बराबर लावा." काशीनाथने तसंच लावलं होतं. पहिली चकती ट्रकची: मागचा हौदा उचलला जाई. दुसरी तिवरांची: ती एकदम आडवी होत. तिसरी वल्हं घेतलेल्या माणसाची: तो दोन्ही हात पसरी. चौथी शिपायाची: त्याचा हात ट्रकवरून फिरून माणसाच्या खांद्यावर पडे. मग दिवे जात. निवेदन त्याने स्वतः लिहिलं, स्वतः बोललं, एकही विशेषण न वापरता. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हे एक काम खरं झालं असं त्याला वाटत होतं.

मंडपात सकाळची गर्दी बेताची होती. देखावा चालू होता आणि कर्णा बोलत होता, पण दोघांचं एकमेकांशी काही चाललेलं नव्हतं. नाथाचा आवाज कोयत्याबद्दल बोलत होता तेव्हा ट्रक हौदा उचलत होता. आवाज कायद्याच्या हाताबद्दल बोलला तेव्हा तिवरं लोळण घेत होती. आणि "हिरवाई उभी राहते आहे" या शब्दांवर शिपायाने नाथाची मानगूट धरली. पुढे उभ्या असलेल्या एका बाईने तोंडाला पदर लावला. तिचा नवरा म्हणाला, "ह्यांचा आवाज पुढे पळतोय." मागून कोणी तरी म्हणालं, "आवाज नाय पळत, माणूस पळायला पायजे होता," आणि चारपाच जण मोकळेपणी हसले. ज्या हसण्यासाठी माणूस वर्षभर डोकं फोडतो तसलं ते हसणं होतं, आणि ते कोणीही योजलेलं नव्हतं.

अध्यक्ष जितेंद्र कापडी झालरीखाली खुर्ची टाकून बसला होता. हार्डवेअरचं दुकान, कपाळाला गंध, समोर दोन फोन. "या सर, बसा. ए, सरांना चहा सांग रे."

"हे कोणी केलं?"

"चहा तर घ्या."

"जितेंद्र, हे कोणी केलं?"

"सगळ्यांनी मिळून केलं, सर. व्हिडिओ वरपर्यंत गेला ना. परवानगीच्या वेळी आपण काय सांगितलं होतं? पर्यावरण. मग पर्यावरणच आहे की अजून! फक्त जरा पॉझिटिव्ह केलंय." त्याने एक फोन उलटा ठेवला. "आमदार साहेबांचा माणूस आलेला. बोलला, देखावा एक नंबर आहे, काही काढू नका, फक्त बोलणं बदला. दुसरा कोण असता तर मंडप उतरवला असता. आणि वरून पर्यावरणाचं पहिलं बक्षीस आपल्याला. आज संध्याकाळच्या आरतीला साहेब स्वतः येतायत. तुमचा सत्कार ठेवलाय."

"आणि नाथा?"

जितेंद्रने गणपतीकडे पाहिलं, मग काशीनाथकडे. "नाथाला आम्ही धरून नाही आणला. तोच आला. त्यालाच विचारा. आणि एक सांगू, सर? रागावू नका. तुमच्यापेक्षा भारी बोलतो."

घरी वासंतीने रिकामी पिशवी पाहिली आणि काही न विचारता डाळ भिजत घातली. मग आतूनच म्हणाली, "मी सकाळीच ऐकलं. सहावी-सातवीतला तो काळा पोरगा ना? निबंध वाचायला उभा राहिला की घाम यायचा त्याला."

"काय बोलतोय ते ऐकलंस का?"

"ऐकलं." ती ओल्या हाताने दारात आली. "इतकी वर्षं तुम्ही देखावे करताय. मुलगी वाचवा केलंत, पाणी वाचवा केलंत, झाडं वाचवा दोनदा केलंत. एकदा तरी कोणी मंडपातून बाहेर पडून काही वाचवल्याचं बघितलंत?"

वासंतीचं बोलणं लागायचं ते कडू असायचं म्हणून नाही, तर ती ते भाजी निवडताना बोलावं तसं बोलायची म्हणून. खिडकीतून आवाज येतच होता. खिडकी लावली तरी येत होता. त्याला सातवीचा वर्ग आठवला, भाईंदर पश्चिमेच्या शाळेतला, दुपारी उन्हाने पत्रा तडतडायचा तो. खाडीपलीकडून येणाऱ्या मुलांना बाकीची हसत. नाथा बोलायला उभा राहिला की वर्ग आधीच हसायची तयारी करायचा. काशीनाथ चित्रकलेचा, भाषा त्याचा विषय नव्हता. तरी त्याने त्या मुलाला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं, रिकाम्या वर्गात भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं, शेवटचा शब्द घाईने टाकू नकोस, तो आला की लोकांना वाटलं पाहिजे की आपण त्याचीच वाट पाहत होतो. स्नेहसंमेलनात नाथा बोलला तेव्हा वर्ग हसला नाही. त्या दिवशी काशीनाथ घरी आला तो कुणाला तरी पाण्यातून बाहेर काढल्यासारखा. आज तो विचार करत होता: आपण शिकवलं नसतं तर साहेबांच्या माणसाला हा आवाज उपयोगाचा वाटला असता का? अडखळत, हेल काढत वाचलेल्या कबुलीवर कोणाचाही विश्वास बसला नसता. विश्वास बसेल असं बोलायला आपण शिकवलं. मग त्याला स्वतःचा राग आला, कारण या विचारातही तो स्वतःलाच मध्यभागी ठेवत होता. जेवण झाल्यावर त्याने कपाटावरून स्क्रूड्रायव्हर काढला. पट्टा काढला की मोटर नुसती फिरत राहते आणि दांडा थांबतो. आवाज त्यांचा होता. हलणं त्याचं होतं. ते तो परत घेणार होता. संध्याकाळी साहेब येतील तेव्हा कर्णा बोलेल आणि समोर काहीही हलणार नाही. शाल त्यांनी गणपतीला घालावी.

दुपारी मंडपात दर्शनाला कोणी नव्हतं. कार्यकर्ते सतरंजीवर पसरले होते. काशीनाथ मागच्या बाजूने वाकून पडद्याच्या आत गेला. आतला उजेड हिरवट होता, ताडपत्रीचा, आणि त्या उजेडात दांड्याशेजारी खोक्यावर नाथा बसला होता. आता चाळिशीकडे झुकलेला, कानांजवळ पांढरा झालेला. तो पटकन उठला, वर्गात उठायचा तसा.

"सर, मी तुमच्याकडंच येनार होतो."

"यायचं होतं तर आधी यायचं."

"आधी आलो असतो तर तुमी मना बोलू दिलं नसतं."

काशीनाथने पट्ट्यावर हात ठेवला. रबर गार होतं. "काय दिलं त्यांनी तुला?"

"मना काय न्हाय." नाथा पुन्हा खोक्यावर बसला. "रोशनला जहाजावरनं बोलावनं आलंय. खलाशी म्हनून. तीन वर्सं हातापाया पडत होता कंपनीच्या. आता पोलिसांचा दाखला पायजे, नि पोलिसांकडं केस हाय. साहेब बोलले, त्याचं नाव काढतो."

"आणि तुझं?"

"माझं ऱ्हानार."

"तुझं का राहणार?"

"कुनाचं तरी ऱ्हायाला पायजे ना, सर. केस हाय म्हनल्यावर मानूस लागतो."

बाहेर रस्त्यावरून कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. काशीनाथ म्हणाला, "आणि तू लोकांना सांगतोस की तिवरं तू तोडलीस."

"ठान्यात तेच लिवलंय. हितं बोललो तर नवीन काय बोललो?"

"इथे लोक ऐकतात, नाथा."

"ऐकतात ना. तुमचं पन ऐकलं." नाथाच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकवत नव्हतं. "कोन आलं का नंतर मुर्ध्याला? फोटो काढले. ती ताई आलती, समिधाताई. चांगली हाय. मना बोलली, जरा खाडीकडं बघून डोल्यात पानी येईल का? मी बोललो, ताई, पानी येतं, पन रात्री येतं." तो स्वतःच हसला. "ट्रक चालूच हायत, सर. तुमच्या देखाव्याच्या टायमाला पन चालूच होते. तिथं आता मोठी पाटी लावलीय, झाडाचं चित्र काढलंय तिच्यावर. झाड पन तिवराचं न्हाय, नारलाचं."

काशीनाथला बोलायचं होतं. खरं काय झालं ते एकदा तरी कुठे तरी नीट लावलेलं असलं पाहिजे, असं काही तरी. वाक्य तयार होतं. त्या वाक्यात आपण ताठ उभे आहोत हे त्याला दिसलं, आणि त्या ताठ उभं राहण्याला काय लागतं तेही दिसलं: पेन्शन, नवघरमधला स्वतःच्या नावावरचा फ्लॅट, ज्याला कोणी हात लावणार नाही असं वय. पट्टा काढला तर उद्या एखाद्या वर्तमानपत्रात दोन इंच बातमी येईल. समिधा बडोद्याहून लिहील. लोक त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवतील. आणि रोशन खाडीवर राहील. या देखाव्यातली सगळ्यात स्वस्त जागा आपली होती, हे त्याला ताडपत्रीच्या हिरव्या उजेडात, उकाड्यात, अगदी शांतपणे कळलं.

"मग आता माझ्याकडे काय काम होतं?" त्याने विचारलं.

नाथा घुटमळला. "जुळत न्हाय, सर. बोलनं नि हालनं. सकाळधरनं लोकं हसतात. संध्याकाळी साहेबांसमोर हसले तर त्यांना वाटंल मुद्दाम केलंय, आपुन मस्करी करतोय त्यांची. मग झालंच. माझी बायको ममता सकाळी येऊन बघून गेली. ती घरी जाऊन रडाया लागली, म्हनली, तुमच्या सरांना सांगा, न्हायतर गेला आपला रोशन." त्याने दांड्याकडे हात केला. "तुमी जुळवून द्या. आनि माझ्या हातात कोयता द्या. लांबनं वल्हं दिसतं."

काशीनाथने पट्टा काढला. मग चकत्यांचे स्क्रू एकेक करून सैल केले. माणसाची चकती त्याने पहिली आणली. माणूस आधी. मग तिवरं आडवी. तिवरांना पुन्हा उभं करायचं तर फुगवटा लवकर संपवायला हवा होता. त्याने कानशीने चकती घासली आणि भुसा फुंकून टाकला. मग शिपाई. सगळ्यात शेवटी ट्रक: आता हौदा उचलला जाईल तो रोपं उतरवायला. जितेंद्रच्या सजावटीतली उरलेली प्लॅस्टिकची पानं नाथानेच शोधून आणली आणि हौद्यात खोचली. कोयता काशीनाथने पुठ्ठ्याचा कापला, पात्याला चंदेरी कागद लावला, मुठीला सुतळी गुंडाळली. मुठीचा बाक त्याला पहिल्याने नीट साधेना. नाथाने हात पुढे करून मूठ कशी धरतात ते दाखवलं, आणि त्याने तो हात पाहून बाक दुरुस्त केला. पसरलेले हात कोपरात वळवून वर उगारलेले केले. एवढ्याने तो माणूस वेगळाच झाला. पूर्वी तो काही तरी अडवत होता. आता तो काही तरी करत होता.

पट्टा पुन्हा चढवून काशीनाथ म्हणाला, "लाव." नाथाने आपलाच आवाज लावला. दोघे पुढे जाऊन उभे राहिले. पहिल्या खेपेला शिपाई थोडा आधी आला. काशीनाथ आत गेला, चकती केसभर मागे फिरवली, बाहेर आला. दुसऱ्या खेपेला तिवरं उशिरा उठली. तिसऱ्या खेपेला आवाज "कोयता चालवला" म्हणाला आणि कोयता चालला. तिवरं पडली. "कायद्याचा हात" म्हणता हात आला. तिवरं हळूहळू, एकामागून एक, थरथरत उभी राहिली. ती थरथर त्याने योजली नव्हती, घासलेल्या लाकडामुळे आली होती, आणि ती फार सुंदर होती. मग ट्रक आला आणि पानं उतरली. कुठे खटका नव्हता, कुठे घाई नव्हती. काशीनाथच्या पोटात एक जुनी ऊब पसरली, काम जमलं की पसरायची ती. आपण काय जमवलं आहे हे लक्षात यायच्या आधीच ती पसरून गेली होती. त्याने मुद्दाम डोळे मिटले आणि मुर्ध्याची ती सकाळ आठवायचा प्रयत्न केला, नाथाने चहा थंड होऊ देत सांगितलेली. आधी काय होतं? आधी ट्रक होता. पण डोळ्यांपुढे ट्रक येईना. उगारलेला हात आला. पात्यावर चंदेरी उजेड पडलेला.

सतरंजीवरचे कार्यकर्ते उठून बसले होते. शेजारच्या इमारतीतल्या दोन बायका दर्शनाला आल्या होत्या त्या देखाव्यापुढे थांबल्या. संपल्यावर एकजण दुसरीला म्हणाली, "बघ, आणि आपण नुसत्या बिल्डरांना शिव्या घालतो. ही गावातलीच लोकं." दुसरीने मान हलवली, गणपतीला हात जोडले, आणि मग शेजारी उभ्या असलेल्या नाथाला विचारलं, "दादा, आमचं सुरुवातीचं राहिलं. पुन्हा लागेल का?"

"लागंल की," नाथा म्हणाला. त्यांना नीट दिसावं म्हणून तो बाजूला सरकला, एक खुर्ची पुसून पुढे केली. "बसा काकी. सुरुवातीपासून लावतो."